खलनायकाचं आडनाव

'इंद्रजाल कॉमिक्स'मधल्या वेताळाची, म्हणजे मूळ इंग्रजीतल्या 'फँटम'ची, शपथ आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना तोंडपाठ होती. चाचे जहाज लुटतात, सगळ्यांना मारतात, एकच तरुण वाहत वाहत किनाऱ्याला लागतो. पुढे बापाच्या खुन्याची कवटी हातात धरून तो शपथ घेतो, की चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्या नाशासाठी मी आयुष्य वाहीन, आणि माझी मुलं, त्यांची मुलं हेच व्रत पुढे चालवतील. 'इंद्रजाल कॉमिक्स'चे ते अंक आमच्या भागातल्या एका दुकानात भाड्यानं मिळायचे. पानं सुटू नयेत म्हणून दुकानदार काका कडेनं दाभणाचे टाके घालायचे, त्यामुळे आतल्या बाजूची चित्रं निम्मी शिवणीत जायची. शपथेचं पान तर इतक्या हातांतून गेलेलं असायचं की कागद कापडासारखा मऊ लागायचा.

आपल्याकडच्या त्या अंकांत चाचे 'सिंगा' टोळीचे होते. देशाचं नाव डेंकाली. वेताळाच्या वडिलांना मारणारा रामालू. पुष्कळ वर्षांनी मी मूळ इंग्रजी चित्रमालिकेबद्दल वाचलं. ली फॉक यांनी ती फेब्रुवारी १९३६ मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रांत सुरू केली. तिथं चाच्यांची टोळी 'सिंग ब्रदरहुड', देश बंगालच्या नावावरून बेतलेला, आणि खुन्याचं नाव रामा. ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. लहानपणी वेताळ समजून गच्चीवरून उड्या मारल्या होत्या, गुडघे फोडून घेतले होते. मूळ गोष्टीत माझी जागा दुसऱ्या जहाजावर होती.

इंद्रजालच्या संपादकांना दोष द्यायला मन धजत नाही. १९६४ साली भारतीय मुलांसाठी अंक काढायचा आणि त्यात सिंग आडनावाचे चाचे आणि रामा नावाचा खुनी ठेवायचा, हे कुणाच्यानं झालं असतं? त्यांनी नावं बदलली. पण सांगाडा तसाच राहिला. जंगलातल्या काळ्या माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या राज्य करणारा गोरा माणूस तसाच राहिला. आणि त्याहून खोल रुतलेली एक गोष्ट तशीच राहिली, जी मला कितीतरी उशिरा दिसली. वेताळाच्या घराण्यात चारशे वर्षं सज्जनपणा बापाकडून मुलाकडे येतो. चाच्यांच्या टोळीत चारशे वर्षं दुष्टपणा तसाच येतो. पाळण्यातच माणसाचा निकाल लागलेला असतो.

माझा आक्षेप तिथं आहे. जुन्या रहस्यकथांतल्या वंशद्वेषाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा अपमानाबद्दल बोलतो: अमक्यांना वाईट दाखवलं, तमक्यांच्या भावना दुखावल्या. अपमान झाला हे खरं. पण त्या गोष्टींनी खरं नुकसान केलं ते वेगळं. खलनायकाच्या गुन्ह्याचं कारण त्याच्या जन्मात शोधायची सवय त्यांनी वाचकाला लावली, आणि जन्म हेच कारण ठरलं की पुरावा मागायची गरजच उरत नाही.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते फू मांचू या इंग्रजी कादंबऱ्यांतल्या चिनी खलनायकामध्ये. त्याचा लेखक सॅक्स रोमर; हे टोपणनाव. लेखकाचं खरं नाव आर्थर वॉर्ड, १८८३ मध्ये बर्मिंगहॅमला जन्मलेला इंग्रज. त्याची पहिली फू मांचू कथा ऑक्टोबर १९१२ मध्ये एका इंग्रजी मासिकात आली आणि पुढच्या वर्षी कादंबरी. ब्रह्मदेशात अधिकारी असलेला नेलँड स्मिथ अचानक लंडनला येतो आणि आपल्या डॉक्टर मित्राला शत्रूचं वर्णन सांगतो. उंच, सडपातळ, मांजरासारखा, कपाळ शेक्सपिअरचं, चेहरा सैतानाचा, डोळे हिरवे. मग तो म्हणतो की एका अख्ख्या पौर्वात्य वंशाचं क्रूर कपट या एका प्रचंड बुद्धीत साठलेलं आहे असं समज. आणि शेवटी: हा म्हणजे एका माणसात अवतरलेलं 'पिवळं संकट', म्हणजे पूर्वेकडच्या लोकांबद्दल गोऱ्यांच्या मनात असलेली भीती.

या वाक्याशेजारी शेरलॉक होम्सचा शत्रू प्राध्यापक मोरियार्टी याला ठेवून पाहा. आर्थर कॉनन डॉयलनंही मोरियार्टीच्या रक्तातच गुन्हेगारी असल्याचं लिहिलंय. पण ते रक्त त्या एका प्राध्यापकाचं. मोरियार्टी वाचून कुणी शेजारच्या इंग्रज गणितशिक्षकाकडे संशयानं पाहिलं नाही. फू मांचूच्या अंगात मात्र लेखकानं सगळा चीन भरला. तो एकटा गुन्हेगार असता तर पकडला की गोष्ट संपली असती. तो वंशाचा अर्क आहे म्हटल्यावर लंडनच्या लाइमहाउस भागातला प्रत्येक धोबी आणि प्रत्येक खलाशी त्याचा संभाव्य हस्तक ठरतो. त्या काळी तिथं राहणाऱ्या चिनी लोकांची संख्या काही शेकड्यांत होती, त्यातले बरेचसे जहाजांवर राबणारे.

आणि साल बघा. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी चीनच्या शेवटच्या मांचू सम्राटानं सिंहासन सोडलं. परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतर १९०१ मध्ये चीनवर ४५ कोटी टेल (टेल हे चिनी वजन) चांदीचा दंड लादलेला होता, आणि तो वसूल करायला परकी सत्ता दारात बसलेल्या होत्या. असा खचलेला देश इंग्रजी गोष्टीत त्याच वर्षी जग गिळायला निघालेला दिसतो, तोही मांचू हेच नाव घेऊन. रोमर या वाटेवरचा पहिला नव्हता. एम. पी. शील यांची याच भीतीवरची कादंबरी १८९८ मध्ये येऊन गेली होती, आणि त्याआधी १८९५ मध्ये जर्मन कैसरनं 'पिवळ्या संकटा'चं चित्र काढून घेऊन युरोपातल्या राजांना पाठवलं होतं. पण रोमरनं त्या भीतीला चेहरा दिला, आणि चेहरा विकला जातो.

त्या कादंबरीत अफूचे अड्डे आहेत. पूर्व लंडनमधला कोंदट अड्डा, पडद्याआड पडलेली माणसं, आणि सूत्रं हलवणारा चिनी. तो स्वतःही अफूबाज. मराठी वाचकानं इथं जरा थांबावं. चीनमध्ये अफू कुठून गेली? बंगालमधून गेली, आणि माळव्यातून मुंबई बंदरातून गेली. मुंबईत ज्यांच्या नावानं इस्पितळं आणि कलाशाळा उभ्या आहेत त्या घराण्यांतल्या काहींच्या संपत्तीत हा पैसा होता. चिनी सरकारनं व्यापार थांबवायचा प्रयत्न केला तेव्हा ब्रिटननं युद्ध केलं, १८३९ ते ४२, आणि पुढे दुसरं, १८५६ ते ६०. ज्यांनी बळजबरीनं अफू विकली त्यांच्याच देशातल्या गोष्टीत, पन्नासेक वर्षांनी, अफू म्हणजे चिनी माणसाचं पाप झाली. केलेलं कर्म दुसऱ्याच्या अंगावर टाकायचं काम या खलनायकानं इतक्या सफाईनं केलं की आजही 'अफूचा अड्डा' म्हटलं की डोळ्यांपुढे चिनी माणूस येतो, मुंबईच्या धक्क्यावर पेट्या मोजणारा व्यापारी येत नाही.

पुढे हॉलिवूडनं त्याला मिशा दिल्या. कादंबरीतल्या फू मांचूला त्या लोंबत्या मिशा नाहीतच. त्या पडद्यावर आल्या आणि जगभर त्याच्याच नावानं ओळखल्या जाऊ लागल्या. भूमिका करणारे गोरे: स्वीडनमध्ये जन्मलेला वॉर्नर ओलँड, १९३२ मध्ये बोरिस कार्लोफ, साठच्या दशकात पाच चित्रपटांत ख्रिस्तोफर ली. अ‍ॅना मे वाँग ही लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी वंशाची गुणी अभिनेत्री. १९३१ मध्ये तिच्या वाट्याला फू मांचूची मुलगी आली. चिनी शेतकरी बाईची मोठी, माणूसपणाची भूमिका असलेला चित्रपट १९३७ मध्ये आला तेव्हा ती भूमिका गोऱ्या नटीला मिळाली आणि तिला ऑस्करही मिळालं. पडद्यावरचा चिनी माणूस नेहमी दुष्टच का, हा प्रश्न अ‍ॅना मे वाँगनं १९३३ मध्येच एका मुलाखतीत विचारला होता.

कायदा आणि कथा यांचं बोलणं किती जवळून चालतं, ते अमेरिकेत दिसतं. १८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली. ती उठली १९४३ मध्ये, कारण आता जपानविरुद्धच्या युद्धात चीन मित्र होता. उठली म्हणजे किती? वर्षाला १०५ माणसं येऊ शकतील एवढी. आणि १९४२ पासून जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत कोंडलं गेलं, त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक. चेहऱ्याची तीच भीती एका समाजावरून उचलून दुसऱ्यावर ठेवली गेली. कुणाविरुद्ध काय पुरावा होता, हे विचारायची गरज फारच थोड्यांना वाटली.

आता फू मांचूच्या टोळीत कोण आहे ते पाहू. त्याच्या पदरी डाकू आहेत, आणि ठग आहेत. हे दोन्ही शब्द इंग्रजीनं आपल्याकडूनच नेले. गळा आवळून मारणारा माणूस दिसल्यावर नेलँड स्मिथ म्हणतो की डाकू याच्या नोकरीत आहेत म्हटल्यावर ठगही असणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. म्हणजे चिनी खलनायकाला हाताखाली माणसं लागली तेव्हा लेखकानं ती आपल्या घरातून नेली. आणि ती आयती तयार होती, कारण सत्तर-पंचाहत्तर वर्षं आधी ती घडवली गेली होती.

१८३९ मध्ये लंडनमध्ये ठगाच्या कबुलीजबाबाची एक कादंबरी आली आणि खूप गाजली. लेखक फिलिप मेडोज टेलर, निजामाच्या नोकरीतला इंग्रज. हाच टेलर पुढे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता, आणि तुळजापूरच्या परिसरावर त्यानं नंतर जी कादंबरी लिहिली तिच्यात या मुलखाबद्दलचा जिव्हाळा जाणवतो. तो दुष्ट माणूस नव्हता. म्हणून तर मला त्याचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. विल्यम स्लीमन या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याच्या ठगविरोधी मोहिमेच्या कागदपत्रांमधून आणि टेलरसारख्यांच्या गोष्टींमधून असं चित्र उभं राहिलं की हिंदुस्थानात देवीच्या नावानं, वंशपरंपरेनं खून करणारा एक अख्खा पंथ आहे. रस्त्यावर प्रवाशांना लुटून मारणाऱ्या टोळ्या होत्याच; ते कुणी नाकारत नाही. प्रश्न 'वंशपरंपरेनं' या शब्दाचा आहे. १८३६ च्या कायद्यानं ठगांच्या टोळीत असणं हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरवला. अमुक खून अमक्यानं केला हे सिद्ध करायची अट त्यात नव्हती.

तिथून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा फार लांब नाही. त्या विधेयकाच्या बाजूनं केलेला युक्तिवाद आज वाचताना अंगावर काटा येतो: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर, तसे गुन्हेगाराचे वंशज गुन्हेगारच असणार. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यातल्या जमातीही मोठ्या संख्येनं त्याच्या जाळ्यात आल्या. पारधी, कैकाडी, भामटे. पोलिसांकडे नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड कुटुंबंच्या कुटुंबं ठेवली होती. त्या भागाला सोलापूरकर आजही सेटलमेंटच म्हणतात. कायदा देशपातळीवर ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पुढे १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि नजर मात्र जुन्या वस्त्यांवरच राहिली. १९९८ मध्ये बारामतीला एका पारधी मजुराचा पोलीस कोठडीत मारहाणीनं मृत्यू झाला. त्याच वर्षी बंगालमधल्या पुरुलियात सबर जमातीचा बुधन सबर कोठडीत मेला. अहमदाबादच्या छारानगरातली, छारा या विमुक्त जमातीची नाटक मंडळी आजही त्याचं नाव घेऊन उभी राहते.

कादंबरीनं कायदा केला असं मी म्हणत नाही. पण रेल्वेच्या डब्यात, क्लबात, घरी आरामखुर्चीत ज्यांनी या गोष्टी वाचल्या, त्यांना तो कायदा वाचताना त्यात काही विचित्र वाटलं नाही. जन्मानं गुन्हेगार असलेला माणूस त्यांनी आधीच 'पाहिला' होता. मराठीत या माणसाची बाजू पहिल्यांदा मोठ्या आवाजात आली ती लक्ष्मण मानेंच्या 'उपरा'तून १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'तून १९८७ मध्ये. 'उचल्या' हे गोष्टीतल्या खलनायकाचंच नाव; ते मुखपृष्ठावर घेऊन त्यांनी आपली भूक, आपली शाळा, आपल्या आईबापांच्या पाठीवरचे वळ मांडले. गुन्ह्याचं कारण पोटात आणि कायद्यात आहे, रक्तात नाही, हे त्या पुस्तकाइतकं ठसठशीत दुसरीकडे क्वचित वाचायला मिळतं.

यावर दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: अहो, गोष्टच ती, करमणुकीसाठी वाचायची, एवढा कीस का काढायचा? माझं उत्तर असं, की करमणूक करताना आपण बेसावध असतो, म्हणूनच ती जास्त खोल उतरते. १९८४ मध्ये ठग, नरबळी आणि जेवणात माकडाचा मेंदू असलेला हॉलिवूडपट आला. भारत सरकारनं चित्रीकरणाला परवानगी दिली नाही म्हणून तो श्रीलंकेत काढला गेला, आणि खलनायकाचं काम आपल्या अमरीश पुरींनी केलं. माझ्या आतेबहिणीच्या अमेरिकेत वाढलेल्या मुलाला शाळेच्या डबा खायच्या सुट्टीत वर्गमित्रानं विचारलं होतं, की तुमच्या घरी माकडाचा मेंदू कधी करतात. डब्यात थालीपीठ होतं. त्यानं ते नंतर कित्येक महिने शाळेत नेलं नाही. विचारणारा मुलगा वाईट नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं. आणि हे फक्त तिकडे घडतं असं समजू नये. २०२० मध्ये आपल्याच शहरांत ईशान्येकडच्या मुलामुलींना 'कोरोना' म्हणून हाका मारल्या गेल्या, घरमालकांनी त्यांना खोल्या नाकारल्या. हाका मारणाऱ्यांपैकी किती जणांनी फू मांचू वाचला असेल? बहुधा कुणीच नाही. त्याची आता गरजही पडत नाही.

दुसरा प्रश्न जास्त खरा आहे. मग चिनी, भारतीय, काळा, पारधी खलनायक लिहायचाच नाही का? जरूर लिहावा. दुष्टपणा ही कुठल्या एका वंशाची मक्तेदारी नाही तसा चांगुलपणाही नाही, आणि सगळ्यांना गुणाचे पुतळे करून ठेवणं हीसुद्धा माणूसपण नाकारायचीच रीत आहे. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो पाहा. १८६९ ते १८७५ या काळात एका फ्रेंच माणसानं तो लिहिला. तो जहाजं बुडवतो, माणसं मारतो, आणि शेवटी कळतं की तो बुंदेलखंडचा राजपुत्र आहे, १८५७ च्या उठावात सगळं गमावलेला. त्याचा राग त्याच्या आयुष्यातून आलेला आहे. तो बरोबर की चूक याबद्दल वाचक त्याच्याशी भांडू शकतो. फू मांचूशी भांडता येत नाही, त्याला फक्त संपवता येतं. खलनायक लिहिणाऱ्यानं स्वतःला एवढंच विचारावं: याची जात, धर्म, वंश काढून घेतला तर याच्या गुन्ह्याला काही कारण उरतं का?

हा प्रश्न बातम्या लिहिणाऱ्यांनाही विचारायला हवा. 'अमुक समाजाची टोळी जेरबंद' असा मथळा आपण रोज सकाळी चहाबरोबर वाचतो. बँक बुडवणाऱ्या संचालकांची जात मथळ्यात कधी वाचली आहे?

राहता राहिलं जुन्या पुस्तकांचं काय करायचं. २०२३ मध्ये इयान फ्लेमिंगच्या जेम्स बाँड कादंबऱ्या वांशिक शब्द काढून, बदलून नव्यानं छापल्या गेल्या. फ्लेमिंगचा डॉक्टर नो, अर्धा जर्मन अर्धा चिनी, हा सरळसरळ फू मांचूच्या घराण्यातला. मला हा मार्ग पटत नाही. इंद्रजालनं तेच केलं होतं, आणि त्यामुळे माझ्यासारखी लाखो मुलं त्या जहाजावर आपल्याला कुणी बसवलं हे न कळताच मोठी झाली. लहान मुलांच्या आवृत्तीत बदल करावेत, पण केले आहेत असं पहिल्या पानावर सांगावं. मोठ्यांसाठी पुस्तक जसंच्या तसं छापावं, आणि सोबत दोन पानं अशी द्यावीत की वाचकाच्या हाती पुरावा येईल. शब्द खोडले की अपमान झाकला जातो, आरोप तसाच राहतो.

मराठीत याची सुरुवात होम्सपासून करता येईल. त्याचे अनुवाद आजही मुलांना वाढदिवसाला भेट दिले जातात. १८९० च्या 'साइन ऑफ फोर'मध्ये विषारी बाण मारणारा अंदमानी टोंगा आहे. जो होम्स बुटाच्या चिखलावरून माणूस ओळखतो, राखेचे प्रकार वेगळे करतो, तो या माणसाच्या स्वभावाबद्दल स्वतः काहीही तपासत नाही. फळीवरून भौगोलिक कोश काढतो आणि मोठ्यानं वाचतो: अंदमानी लोक जन्मतः कुरूप, क्रूर, फुटलेल्या जहाजांवरच्या माणसांना मारून खाणारे. वॉटसन ऐकतो, आणि प्रकरण पुढे सरकतं.

त्या पानाआधी मराठी प्रकाशकानं अर्धं पान घालावं. अंदमानी लोक नरभक्षक असल्याचा पुरावा कधीच मिळाला नाही. १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत वसवली. त्या लोकांपर्यंत उपदंश पोचला, आणि १८७७ मध्ये गोवराची साथ. होम्सनं तो कोश वाचून दाखवला तेव्हा कित्येक वस्त्या रिकाम्या झालेल्या होत्या. १९६१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी लोक १९ उरले होते.